सहा परस खोल

१

भुजंगाला विहिरीतून वर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. गळ्यावर वळ नाही, तोंडाला फेस नाही. केस ओले, धोतर चिखलाने माखलेलं, आणि चेहरा असा की जेवणानंतर माणूस जरा कलंडला असावा. पलीकडे लिंबाखाली पाय बांधलेली एक कोंबडी मातीत चोच मारत बसली होती.

माझी नजर त्या कोंबडीवरून हटेना. थोड्याच वेळापूर्वी तीच कोंबडी टोपलीत बसून त्याच विहिरीत उतरली होती. शंभर आकडे मोजेपर्यंत खाली राहिली आणि पंख फडफडवत वर आली. पडीक विहिरीत वाईट हवा साचते, म्हणून माणसाआधी कोंबडी सोडायची. इतर गावांत जळता दिवा सोडतात. विझला तर उतरायचं नाही. आमच्या कवठेवाडीत या विहिरीपासून शंभर पावलांच्या आत विस्तव न्यायचा नाही, अशी पंचांनी शपथ घातली होती. बिडीसुद्धा नाही. का, ते पुढे सांगतो.

टोपलीच्या दोरीच्या गाठी मोठ्यानं मोजल्या त्या मी. मी म्हणजे रेणुकादास, गावच्या शाळेचा मास्तर. दर गाठीला एक परस. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. आमच्याकडे विहिरीची खोली अशीच सांगतात. ही विहीर सहा परस. मी सहा गाठी मोजल्या आणि चारचौघांनी त्या ऐकल्या.

मग भुजंग नाड्याच्या फासात बसून खाली गेला. विहिरी खणण्यात त्याचा जन्म गेलेला. वरून रामकिशन आणि दोन गडी नाडा सोडत होते.

"भुजंगदादा, ठीक हाय का?"

"हाव!" खालून आवाज आला. त्यानंतर काहीच नाही.

हाका मारमारून घसे बसले. नाडा ओढला तर रिकामा वर आला. तळात उतरायची कुणाची छाती होईना, आणि माझी तर नव्हतीच, उगाच खोटं कशाला सांगू? शेवटी पडलेले पोहरे काढायचा गळ सोडला, तो त्याच्या धोतरात अडकला, आणि तसा तो वर आला.

"ज्वालाईनं घेतला," कुणीतरी म्हणालं, आणि बाया मागे सरकल्या.

भुजंगाची बायको तारामती तेवढी जागची हलली नाही. तिनं रामकिशनकडे बोट केलं.

"द्येवीनं न्हाई," ती म्हणाली. "ह्यानं घेतला."

२

तिच्या बोटामागे एक वर्षाची आग होती.

निजामाच्या सालानं फसली तेराशे एक्कावन्नचा उन्हाळा. अमृतराव देशमुखांच्या या विहिरीचं पाणी आटलं, म्हणून सरकारी बोरिंगची टोळी तळात नळ ठोकायला आली होती. दहा दिवस नुसती ठोकाठोक. अकराव्या दिवशी सकाळी जमिनीत गुरगुर सुरू झाली. शाळेच्या पाट्या आपोआप थरथरायला लागल्या. मग नळातून वारा सुटला. चिखल, दगड, लोखंडाचे तुकडे आभाळात उडाले. शंभर जाती एकदम फिरावीत तसा आवाज. विहिरीच्या काठाला, पहारींना धार लावण्यासाठी भुजंगानं भाता लावला होता. तो वारा भात्यापुढच्या निखाऱ्यांना लागला, एवढंच.

लिंबापेक्षा उंच जाळ नऊ दिवस जळत होता. गाव उठून माळावर जाऊन बसलं. गाईंचं दूध आटलं. अजूनही चूल जरा भडकली की माझ्या हातातून भांडं सुटतं. दहाव्या दिवशी जाळ आपसूक विझला, टोळी सामान गुंडाळून निघून गेली. गावानं काठावर एक दगड मांडला, त्याला शेंदूर फासला आणि ज्वालाई म्हणून हात जोडले.

त्या जाळात शेषेराव गेला. सहा फुटांवरचा माणूस, जोंधळ्यात उभा राहिला तरी दिसायचा. गावच्या मापाच्या दोरीचा मान त्याच्या घराण्याकडे. गावातली प्रत्येक विहीर त्याच्या परसानं मोजलेली. त्या सकाळी तो काठावर दोरी घेऊनच उभा होता, आणि दोरीसकट जळाला.

रामकिशन त्याचा एकुलता एक मुलगा. तेव्हा तो हैदराबादेत गिरणीत होता. बापाच्या तेराव्याला आला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "ज्याच्या भात्यानं माझा बाप जाळला, त्याला ह्याच हिरीत घालीन." मग परत गेला, तो यंदा होळीला आला.

यंदा पाऊसच नव्हता. बाकी विहिरी खडखडीत, आणि ज्वालाईच्या विहिरीत मात्र तळाला पाणी चमकत होतं. देशमुखांनी गाळ काढायचं ठरवलं. बाकीचं तुम्ही वाचलंच आहे.

अमीनसाहेबांचा निरोप आला: परवा दुपारी येतो, तोवर रामकिशनच्या दाराशी पहारा ठेवा. अमीन म्हणजे आमच्याकडचा फौजदार. त्यांचं मत आधीच तयार होतं. कोंबडी जगली म्हणजे हवा चांगली. हवा चांगली तर माणूस मेला कसा? विष. विष कुणी दिलं? ज्यानं शपथ घेतली त्यानं. आणि हवा चांगली होती याचा साक्षीदार कोण? मास्तर रेणुकादास. माझ्या एका सहीवर रामकिशन नांदेडच्या जेलात जाणार होता, आणि तिथून पुढे कुठे, ते उच्चारायलाही मी भीत होतो.

रामकिशनची आई केवळाबाई त्याच दिवशी हिमायतनगरला चालत गेली. तिथे मार्तंडराव राहायचे. तीस वर्षं अदालतीत पेशकार होते, म्हणजे लोकांच्या साक्षी लिहून घ्यायच्या. आता पेन्शनीत होते आणि दम्यानं बेजार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बैलांची दमणी माझ्या दाराशी थांबली. मागे केवळाबाई बसलेली, पोतं टेकवून ठेवावं एवढीशी.

"मास्तर," मार्तंडराव म्हणाले, "खोटं बोलणारा माणूस मला लगेच कळतो. त्रास होतो खरं बोलून चुकणाऱ्याचा. चला, तुमच्यापासूनच सुरुवात करू. गाठी किती मोजल्या?"

"सहा," मी म्हणालो.

३

प्रत्येकाला त्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला: आधी त्या आगीचं सांगा.

देशमुखांना ते आवडलं नाही. "आगीचा इथं काय ताल्लुक, पेशकारसाहेब? मी त्या दिवशी लातूरला होतो."

"भुजंग उतरायला तयार होता?"

"कां-कूं करून राहिला होता. मी म्हटलं, बाबा, गाव तहानेनं मरतंय. मग म्हणाला, कोंबडी सोडू, मापाची दोरी असंल तर उतरतो. दोरी तर शेषेरावासंगं जळाली होती. मी केवळाबाईकडे माणूस धाडला. ती म्हणाली, मालकानं दुसरी वळून ठिवली व्हती. दिली बिचारीनं."

मार्तंडरावांनी मान हलवली. काही लिहून घेतलं नाही. त्यांच्या या न लिहिण्याचीच मला जास्त धास्ती वाटायची.

किराणा दुकानाचा गुरुपादप्पा देगलूरकडचा. भुजंगानं मरणाच्या सकाळी त्याच्याच ओट्यावर ताक प्यायलेलं, म्हणून तो आमच्याहून जास्त घाबरलेला.

"देवरू साक्षी, देवाची आण, साहेब! त्याच भांड्यातलं ताक मी प्यालो, माझी बायको प्याली. आगीच्या दिवशी? मी हिथंच व्हतो. शेषेराव असा हात वर करून वरडला, पळा, पळा! त्याचा हात माझ्या छपराच्या वळचणीला लागायचा साहेब, उभ्या उभ्या. पोरगं बी तसंच. बापाची बाराबंदी न उसवता घालतंय."

"रामकिशन त्या सकाळी भुजंगाजवळ गेला होता?"

"हाव. तंबाखू मळून दिली त्यानं भुजंगाला." गुरुपादप्पानं इकडेतिकडे पाहिलं. "म्हनाला, दादा, रागात बोल्लो व्हतो, मनात धरू नगा."

बाहेर आल्यावर मी पुटपुटलो, "तंबाखूत विष?"

"असेलही," मार्तंडराव म्हणाले.

४

तारामती दाराच्या आत बसली होती. तिची जाऊ म्हणाली, आता कशाला आलात? पण मार्तंडराव उंबऱ्याबाहेर खाली जमिनीवर बसले, बाईमाणसासमोर एवढा मोठा अधिकारी, आणि तारामती आपण होऊन बोलायला लागली.

"आग यांच्या भात्यानं लागली, म्हून गाव वर्सभर यांच्याशी बोललं न्हाई. विहिरीत उतरले ते त्याच्यासाटीच. म्हनले, पानी काढून देतो, मग तरी लोक बोलतील."

"विहिरीवर तू होतीस?"

"व्हते. कोंबडी वर आली तवा टोपलीला यांनी खालून हात लावला. म्हनले, बूड कोरडं कसं? सहाव्या गाठीला टोपलीचं बूड पान्याला टेकतं, नेहमीच भिजतं. मंग आपनच म्हनले, दुष्काळ हाय, पानी खाली गेलं असंल. आन् हसले." ती एकदम थांबली. "त्येवढंच हसले."

मार्तंडराव उठले. इतका वेळ घरघरणारा त्यांचा श्वास क्षणभर थांबल्यासारखा झाला.

"मास्तर, एक कोंबडी घ्या. आणि मापाची दोरी आणा."

मी रामकिशनकडे धावलो. पहारेकऱ्यांच्या मधून त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"दोरी न्हाई, मास्तर. त्या गडबडीत हिरीत पडली."

मी ते सांगितलं तेव्हा मार्तंडराव मुळीच चकित झाले नाहीत. उलट त्यांचा चेहरा पडला. कोणीतरी दुखणेकऱ्याची बातमी आणावी आणि ती खरी निघावी, तसा.

५

भर दुपारी आम्ही विहिरीवर गेलो. वारा नव्हता. शेंदरी दगड तापला होता. आगीनं काळे पडलेले काठाचे चिरे अजून तसेच होते, आणि मला सारखं वाटत होतं की पायांखाली पुन्हा गुरगुर सुरू झाली आहे. देशमुख दूर बांधावरच थांबले. भुजंगाला काढलेल्या गळाची दोरी तिथंच पडली होती. तिच्यावर पाण्याची खूण कुठवर आहे ते बघून मार्तंडरावांनी मला हातांनी मोजायला लावली. कोपरापासून बोटांपर्यंत एक हात. कोरड्या टोकापासून पाण्याच्या खुणेपर्यंत तीस हात भरली.

"आता टोपली बरोबर तीस हात सोडा."

"मी?"

"गाठी तुम्हीच मोजल्या होत्या."

दोरी माझ्या तळव्यांतून सरकत होती. चोवीस हातांपर्यंत कोंबडीची कलकल ऐकू येत होती. पंचविसाव्याला ती थोडी कमी झाली. सत्ताविसाव्याला बंद. मी थांबलो. "सोडा," मार्तंडराव म्हणाले. तीस हातांवर दोरी सैल पडली. टोपली पाण्याला टेकली.

वर ओढली तेव्हा टोपलीचं बूड ओलं होतं. कोंबडी मान टाकून पडली होती. अंगावर एक पीसही विस्कटलेलं नव्हतं.

मी काठावरच बसलो. "म्हणजे हवा तेव्हाही वाईट होती. म्हणजे मी चुकीचं मोजलं. मी मारलं त्याला!"

"तुम्ही सहाच मोजल्यात," मार्तंडराव म्हणाले. "जमिनीखालून निघणारी ती हवा जड असते, तळाशी बसून राहते. माणसाच्या डोक्याच्या जरा वरपर्यंत. तुमची कोंबडी तिथवर गेलीच नाही. शेषेरावाचा एक परस पाच हात. सहा पंचे तीस. पण बूड कोरडं आलं. तीस हात सोडली असती तर आजच्यासारखं भिजलं असतं. कालपासून आजपर्यंत पाणी काही वर चढलेलं नाही."

"मग ती दोरी?"

"ती शेषेरावाची नव्हतीच."

बांधावरून देशमुख ओरडले, "म्हणजे पोरानं मुद्दाम आखूड दोरी केली! विषापेक्षा वाईट!"

मला जे अजून सुचलंच नव्हतं, ते देशमुखांना सुचलं होतं. आम्ही रामकिशनला सोडवायला निघालो होतो, आणि त्याच्या गळ्याभोवतीचा फास आम्हीच आवळला होता.

६

रामकिशनच्या घरात मार्तंडराव सरळ धान्याच्या कणगीकडे गेले. आत हात घातला आणि अंबाडीची दोरी बाहेर काढली.

"दडवलीस, पण जाळली नाहीस."

"मापाची दोरी हाय. जाळाय हात धजंना." रामकिशनचे ओठ पांढरे पडले होते. "भुजंगदादा खाली गेला तवा नाडा मापापरीस जास्ती सुटून राहिला व्हता. माज्या हाताला कळलं. वरडनार, तवर त्याचा 'हाव' आला. म्हनलं, ठीक हाय." तो भिंतीला टेकला. "गाठी म्याच बांधल्या. लिवून घ्या. म्याच मारलं."

केवळाबाई चुलीपाशी उभी होती. तिचा चेहरा पाहवेना.

"ये इकडे," मार्तंडराव म्हणाले. त्यांनी दोरीचं टोक रामकिशनच्या पायाखाली दाबलं. "हात वर कर."

त्यानं नाइलाजानं हात वर केला. दोरी ताणून धरली. पहिली गाठ त्याच्या कपाळापाशीच आली, आणि हात तिच्यावर चांगला हातभर उंच गेला.

"आखूड करायची म्हणून म्या..."

"फसवणारा माणूस शेवटची एखादी गाठ सरकवतो. इथे सहाच्या सहा गाठी चार-चार हातांवर आहेत. एका बोटाचा फरक नाही. ही दोरी कुणीतरी इमानानं मोजली आहे, पोरा. उभं राहून, हात वर करून, सहा वेळा. फक्त ते माणूस ठेंगणं होतं."

मग केवळाबाई खाली बसली, बसली म्हणजे कोसळलीच.

"देशमुखाचा मानूस आला," ती म्हणाली. "दोरी न्हाई म्हनले असते तर मान दुसऱ्या घरी गेला असता. रामकिशन रानात व्हता. बाईनं मापाच्या दोरीला शिवू न्हाई म्हंत्यात, हीर आटती. म्हून मालकाचं नाव सांगितलं. गाठी मीच बांधल्या. परस म्हंजी हात वर केलेलं मानूस. म्या बी मानूसच की, साहेब. मला कुठं ठावं की मालकाचं मानूस येगळं आन् माजं येगळं?"

रामकिशन लहान मुलासारखा रडायला लागला. "आये, गप ना! गावाला कळलं तर तुला ठिवायचे न्हाईत."

ते खरं होतं. बाईच्या हातची दोरी ज्वालाईच्या विहिरीत उतरली, त्यावर माणूस मेला. एवढं कळलं असतं तर घाबरलेल्या गावानं काय केलं असतं, याचा विचार करायलाही मी तयार नव्हतो. मी या गावात बारा वर्षं शिकवतोय. गाव वाईट नाही. पण भ्यालेलं गाव मी नऊ दिवस माळावर पाहिलं आहे.

मार्तंडरावांनी दोरी गुंडाळली. "गाठी रामकिशनच्या नाहीत, एवढं मी उद्या सांगेन. कुणाच्या, ते मी सांगणार नाही. ते सांगायचं की नाही, ते बाई, तुम्ही ठरवा. पण ते नाव नसलं तर अमीनसाहेब रामकिशनला सोडणार नाहीत."

७

चावडीसमोर सगळं गाव जमलं होतं. मार्तंडरावांनी कोंबडीचं सांगितलं, तीस हातांचं सांगितलं, रामकिशनला उभं करून दोरी दाखवली. अमीनसाहेबांनी ऐकून घेतलं.

"ठीक आहे पेशकारसाहब, जहर नाही. पण ही दोरी ज्याने बनवली त्याचं नाव सांगा. नाही तर दोरी याच्या घरातून निघाली आहे, मी याला घेऊन जातो."

मार्तंडराव हातातली दोरी गुंडाळू लागले. अमीनसाहेबांच्या जवानानं रामकिशनच्या दंडाला धरलं. मी माझ्या नखांकडे बघत होतो. बोलायला हवं होतं आणि मी बोललो नाही, हे इथे लिहून ठेवतो.

बायांच्या घोळक्यातून केवळाबाई पुढे आली. तिनं मार्तंडरावांच्या हातून दोरी घेतली, टोक टाचेखाली दाबलं, पदर खोचला आणि उजवा हात वर केला. पहिली गाठ तिच्या बोटांच्या टोकाला नेमकी टेकली.

कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं, आणि मग गर्दीत कुजबूज सुरू झाली. बाईनं दोरी केली. बाईनं ज्वालाईला दोरी लावली. पुढचे दोघं-तिघं मागे सरकले. एक म्हातारा शेंदरी दगडाच्या दिशेनं हात जोडून पुटपुटायला लागला. पण केवळाबाईनं हात खाली घेतला नाही.

अमीनसाहेबांनी तारामतीला पुढे बोलावलं. "माणूस तुझा गेला, बाई. तुझी फिर्याद काय ते सांग. तू म्हणशील तसं लिहितो."

सगळं आता त्या एका बाईवर होतं. तारामती केवळाबाईसमोर जाऊन उभी राहिली. दोघी सारख्याच उंचीच्या निघाल्या. तारामतीनं त्या गाठीकडे पाहिलं, वरच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"फिर्याद न्हाई माजी," ती म्हणाली. "माफ बी केलं न्हाई म्या. पर मावशी, आता हात खाली घ्या."

केवळाबाईला तो खाली घेता येईना. इतका वेळ वर धरून तो ताठला होता. कुणी पुढे येईना, तेव्हा तारामतीनंच तिचं मनगट धरलं आणि सावकाश खाली आणलं.